आठ दिवसांची ट्यूब

मिरजेच्या कुसुमताई जर्मनीला निघाल्या तेव्हा त्यांच्या बॅगेत तीन किलो भाजणी, लिंबाच्या गोड लोणच्याच्या दोन बरण्या आणि बारा हिरव्या ट्यूबा होत्या. भाजणी लेकासाठी, लोणचं नातीसाठी आणि ट्यूबा सुनेसाठी. ट्यूबा त्यांनी मोज्यांत कोंबल्या होत्या, एका मोज्यात दोन. मोजे उलगडून बघण्याइतका रिकामटेकडा माणूस विमानतळावर नोकरीला ठेवत नसतील, असा त्यांचा कयास होता, आणि तो खरा ठरला.

कुसुमताई डॉक्टर नव्हेत, फार्मासिस्टही नव्हेत. पण मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात औषधांच्या दुकानाच्या काउंटरमागे अडतीस वर्षं उभ्या राहिलेल्या बाईला काय म्हणायचं? गाव त्यांना मेडिकलवाल्या काकू म्हणायचं. लायसन नवऱ्याचं, श्यामकांतरावांचं. ते आत बसून चिठ्ठ्या वाचायचे आणि पुढची गर्दी कुसुमताई सांभाळायच्या. गोळ्यांची पट्टी कात्रीनं सरळ कापावी ती त्यांनीच. पुडीवर सकाळ-दुपार-रात्रीच्या रेघा ओढाव्यात त्या त्यांनीच. "बोला लवकर, मागे लोक उभे आहेत," हे त्यांचं पेटंट वाक्य. गिऱ्हाईक आपलं दुखणं अर्ध्यावर सांगून होईपर्यंत यांचा हात फळीवर पोचलेला असायचा.

त्या फळीवर ती हिरवी ट्यूब असायची. नायटा, खाज, घामोळं, डास चावून उठलेली गांधी, सगळ्यांवर तीच. बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि स्टिरॉइड, तिन्ही एकात. श्यामकांतरावांना ती कधीच आवडली नाही. "देतेस ना, मग सांगून दे. आठ दिवसांच्या वर लावायची नाही," असं ते आतून ओरडून बजावायचे. त्यामुळे कुसुमताईंच्या तोंडात ते बसूनच गेलं होतं. ट्यूब पुढे सरकवायची आणि म्हणायचं, "आठ दिवस हं. नाहीच गेलं तर डॉक्टर." पाटील असो, पठाण असो, शाळेतला शिपाई असो, हे ऐकल्याशिवाय त्यांच्या दुकानातून ट्यूब कोणाला मिळाली नाही. पुढे श्यामकांतराव गेले, दुकान पुतण्याकडे आलं, तरी सकाळचे दोन तास कुसुमताई काउंटरवर जाऊन उभ्या राहायच्याच.

त्यांचा मुलगा हृषिकेश जर्मनीत हेर्त्सोगेनआउराखला इंजिनियर होता, सून ऊर्मिला तिथेच सॉफ्टवेअरमध्ये. पाच वर्षांपूर्वी ती मंडळी मे महिन्यात मिरजेला आली होती. उन्हातून आली की ऊर्मिलाचे गाल आणि नाक तांबूस व्हायचं, तास तास तसंच राहायचं, वर बारीक पुटकुळ्या. नातेवाइकांना त्याचं कोण कौतुक! "जर्मनी मानवली हो ऊर्मिलाला, गाल बघा कसे सफरचंदासारखे झालेत!" ऊर्मिला कसनुसं हसायची. कुसुमताईंनी फळीवरून ट्यूब काढली आणि तिच्या हातावर ठेवली. चार दिवसांत चेहरा नितळ. जाताना विमानतळावर ऊर्मिलानं त्यांना चक्क मिठी मारली. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि सुनेची ती पहिली मिठी होती.

ती मिठी कुसुमताईंनी जपून ठेवली. त्यानंतर सांगली-मिरजेकडून जो कोणी जर्मनीला जाईल त्याच्या बॅगेत चार ट्यूबा जाऊ लागल्या. कोणी कार्ल्सरूहेला शिकायला निघालेला, कोणी इंगोलश्टाटला गाड्यांच्या कारखान्यात. तिथून त्या पोस्टानं पुढे जायच्या. दर रविवारी फोनवर प्रश्न ठरलेला असायचा, "लागू पडतंय ना गं?" आणि उत्तरही ठरलेलं, "हो आई, एकदम छान." खरं सांगायचं तर सासूसुनेला बोलायला दुसरं फारसं काही नव्हतंच. एक पुस्तकं वाचणारी, मोजकं बोलणारी; दुसरी बोलायला लागली की समोरच्याला श्वास घेऊ न देणारी. दोघींच्या मधे एक पूल होता आणि तो त्या ट्यूबेचा होता.

एप्रिलच्या मध्यावर म्युनिकच्या विमानतळावर ऊर्मिला नाकापर्यंत स्कार्फ ओढून उभी होती. गाडीत तिनं आपल्या बाजूची काच खाली केली. बाहेर चांगलीच थंडी, कुसुमताई शालीत कुडकुडतायत आणि ही गार वाऱ्यावर तोंड धरून बसलेली. घरी पोचल्यावर स्कार्फ निघाला आणि कुसुमताईंच्या हातातली पर्स तशीच राहिली. गाल, नाक, हनुवटी, सगळं लालबुंद. नुसतं लाल नव्हे, सुजलेलं, वर पिवळसर टोकाच्या फोडी. नाकाच्या कडेला बारीक लाल शिरा कोणी पेनानं काढल्यासारख्या.

"अगं बाई! हे काय झालं?"

"काही नाही हो आई. हवा बदलली ना. इथे हीटिंगनं त्वचा कोरडी पडते."

"मग थांब." कुसुमताईंनी हातपायही धुतले नाहीत. बॅग तिथेच दिवाणखान्यात उघडली, मोजा काढला, ट्यूब काढली. "आत्ता लाव. चार दिवसांत बघ."

ऊर्मिलानं हृषिकेशकडे बघितलं, हृषिकेशनं भाजणीच्या पिशवीकडे बघितलं. "हो आई, लावते," असं म्हणून तिनं ट्यूब घेतली आणि बाथरूममध्ये नेऊन ठेवली.

चार दिवस गेले, आठवडा गेला. चेहरा तसाच, उलट एक दिवस तर डावा डोळा अर्धा मिटला. कुसुमताई रोज सकाळी विचारायच्या, "लावलीस ना?" आणि ऊर्मिला म्हणायची, "हो आई." ती ऑफिसला जाताना फ्रीजमधून ओला नॅपकिन काढून गालांना लावायची, चहा कोमट करून घ्यायची, फोडणीचा ठसका उठला की स्वयंपाकघरातून बाहेर पडायची. बारा वर्षांची नात अन्वी आजीला घर दाखवत होती, मराठीत सुरुवात करून जर्मनमध्ये संपवत होती. तिच्याशी बोलताना कुसुमताई हसायच्या, पण लक्ष सुनेच्या चेहऱ्याकडे. अडतीस वर्षांत ही ट्यूब अशी फसली नव्हती.

नवव्या दिवशी घरात कोणी नव्हतं तेव्हा त्यांनी बाथरूममधलं कपाट उघडलं. ट्यूब जागेवर होती. त्यांनी टोपण फिरवून काढलं. अशा ट्यूबेच्या तोंडावर पातळ पत्रा असतो आणि टोपणाच्या मागच्या टोकानं तो भोसकावा लागतो. पत्रा शाबूत होता. बोटभर सुद्धा क्रीम निघालेलं नव्हतं.

कुसुमताई बाथटबच्या काठावर बसल्या. त्यांना वाईट वाटलं आणि रागही आला, पण जास्त करून वाईट वाटलं. माझ्या हातचं नको झालं हिला, असं त्यांच्या मनानं घेतलं. मिरजेच्या दुकानातलं म्हणून कमी प्रतीचं? जर्मनीत राहून डोळे दिपले का? बरं, नको तर तसं सांगावं. "हो आई, हो आई" कशाला? पण बाई मूळची हार मानणारी नव्हे. थोड्या वेळानं त्यांच्या डोक्यात विचार आला, की इंडियातली ट्यूब नको असेल तर हेच औषध जर्मन डबीतून देऊ. मग तर लावेल? तिचा चेहरा बरा होण्याशी मतलब.

अकराच्या सुमाराला त्या ट्यूब पर्समध्ये टाकून निघाल्या. दहा मिनिटांच्या चालीवर औषधांचं दुकान होतं, आपोथेके. बाहेर लाल रंगाचं मोठं A. आत शिरल्यावर त्यांना आधी हसूच आलं. इतकं मोठं दुकान आणि माणसं तीन! काउंटरवर एक म्हातारा हळू आवाजात काहीतरी सांगत होता, दुकानातली चष्मेवाली बाई मान तिरकी करून ऐकत होती, आणि बाकीचे दोघे लांब, जमिनीवर आखलेल्या पट्टीच्या मागे, भिंतीकडे बघत उभे. म्हाताऱ्याचं संपेपर्यंत कोणी एक पाऊल पुढे टाकलं नाही. अशानं दिवसाला किती गिऱ्हाइकं व्हायची, असं कुसुमताईंच्या मनात आलं.

त्यांचा नंबर लागेपर्यंत मागे कोणीच उरलं नव्हतं. कुसुमताईंचं इंग्रजी औषधांच्या खोक्यांवर पोसलेलं होतं, पण पोटापुरतं होतं. त्यांनी ट्यूब काउंटरवर ठेवली. "सेम मेडिसिन. जर्मन कंपनी. प्लीज."

चष्मेवालीनं ट्यूब फिरवून बारीक अक्षरं वाचली. मग म्हणाली, हे प्रिस्क्रिप्शनशिवाय देता येणार नाही. "फॉर हूम इज इट?"

"माय डॉटर-इन-लॉ. फॉर फेस."

"फेस?" बाईनं ट्यूब खाली ठेवली. "हाऊ लाँग शी इज यूजिंग?"

इथे कुसुमताईंना थोडा अभिमान वाटला. "फाइव्ह इयर्स," त्या म्हणाल्या. "आय सेंड. फ्रॉम इंडिया. आय ऑल्सो मेडिकल शॉप. थर्टी एट इयर्स."

बाईनं चष्मा काढला. ती रागावली नाही. रागावली असती तर कुसुमताईंना सोपं गेलं असतं, त्यांना भांडता येत होतं. ती काउंटरवर थोडी पुढे वाकली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, की हातावर, पायावर, जास्तीत जास्त आठ दिवस. आणि चेहऱ्यावर डॉक्टरनं सांगितल्याशिवाय अजिबात नाही. चेहऱ्याची त्वचा पातळ होते, शिरा दिसायला लागतात, लाली कायमची बसते. आधी बरं वाटतं, सोडलं की आग होते, म्हणून माणूस परत लावतो. सांगताना तिनं दोन्ही हात वर करून आठ बोटं दाखवली होती. मग अगदी हळू म्हणाली, "बट यू आर अ कलीग. यू नो धिस."

कुसुमताईंना त्या आठ बोटांपलीकडे काही दिसेना. आतल्या खोलीतून कोणीतरी ओरडलं असं त्यांना वाटलं. देतेस ना, मग सांगून दे.

त्या बाहेर आल्या आणि बसथांब्याच्या बाकावर बसल्या. दोन बस आल्या आणि गेल्या. पाटलांना सांगितलं, पठाणांना सांगितलं, शाळेतल्या शिपायाला सांगितलं. आपल्याच सुनेला तेवढं सांगायचं राहिलं. का? तर ती गिऱ्हाईक नव्हती, घरची होती. परक्याला औषध मोजून द्यायचं आणि घरच्याला माया म्हणून, आणि माया कधी कोणी आठ दिवसांची देतं का? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. त्यांना रस्त्यावर, लोकांदेखत रडू आलं. शेजारी सायकल धरून उभ्या असलेल्या एका जर्मन बाईनं काही न बोलता कागदी रुमालाचं पाकीट पुढे केलं.

ऊर्मिला संध्याकाळी घरी आली तेव्हा जेवणाच्या टेबलावर बाराच्या बारा हिरव्या ट्यूबा ओळीनं मांडलेल्या होत्या आणि समोर सासूबाई बसल्या होत्या. ऊर्मिला दारातच थबकली.

"ये, बस," कुसुमताई म्हणाल्या. "कधीपासून बंद केलीस?"

"आई, अहो, मी..."

"पत्रा फुटलेला नाही ट्यूबेचा. अडतीस वर्षं ट्यूबा विकल्यात मी. कधीपासून?"

"तुम्ही यायच्या आधी तीन आठवडे."

मग हळूहळू सगळं निघालं. पहिलं वर्षभर चेहरा खरंच छान होता. मग दोन दिवस ट्यूब चुकली की आग व्हायची, म्हणून तिनं चुकवणंच बंद केलं. इथल्या फॅमिली डॉक्टरला दाखवलं तर तो म्हणाला त्वचा कोरडी आहे. गव्हाळ कातडीवर लाली चटकन दिसत नाही, गोऱ्या माणसांच्या डोळ्यांना तर नाहीच. त्वचेच्या डॉक्टरचा टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मिळायला चार महिने लागले. "त्या डॉक्टरीणबाईंनी नुसतं बघितलं नाही, आई. त्यांनी विचारलं. जळतंय का? टोचतंय का? चहा प्यायल्यावर तोंड तापतं का? मला इतकी वर्षं हे कोणी विचारलंच नव्हतं. मी तिथे रडले." दुखण्याचं नाव रोझात्सेआ, आपल्याकडे रोझेशिया म्हणतात. ते तिला मुळातलंच होतं, उन्हानं, तिखटानं, गरम चहानं, ताणानं उसळणारं. ट्यूबेनं ते झाकलं आणि झाकता झाकता वाढवलं. आता ट्यूब सोडल्यामुळे काही महिने सगळं उफाळून येणार आणि मग उतरणार. मुळातून जाणार नाही, पण ताब्यात राहील.

"मला का नाही सांगितलंस?"

ऊर्मिलानं एक ट्यूब उचलून परत ओळीत ठेवली. "तुम्ही इतक्या मायेनं पाठवत होतात. कोणाकोणाला गळ घालून. आणि तुम्ही मेडिकलवाल्या. मी काय सांगणार तुम्हाला? हृषी पण म्हणाला, आई आनंदानं येतेय, आत्ता नको. ट्यूब घे आणि ठेवून दे." मग घाईघाईनं म्हणाली, "पण तुमची चूक नाही हो आई. खरंच नाही."

"नको," कुसुमताई म्हणाल्या. "आता तरी मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस. तुझं ते 'एकदम छान' पाच वर्षं पुरलं मला. आठ दिवस, ऊर्मिला. आठ दिवस म्हणून सांगायचं असतं. सगळ्या गावाला सांगितलं मी आणि तुला नाही सांगितलं. तुझं तोंड भाजलं गं माझ्या हातानं."

ऊर्मिला उठली आणि त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. मिठी मारायला चेहरा आड येत होता, त्याला काहीही लागलं तरी आग व्हायची. म्हणून तिनं नुसते दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर ठेवले. दोघी तशाच राहिल्या. हृषिकेश घरी आला, टेबलावरची परेड बघितली आणि शहाण्यासारखा बूट काढायला परत बाहेर गेला.

ट्यूबा टाकायच्या ठरल्या, पण कुसुमताईंचा हात धजेना. तारीख उलटली नसलेलं औषध त्यांनी जन्मात टाकलं नव्हतं. शेवटी डोळे मिटून बाराही कचऱ्याच्या काळ्या डब्यात टाकल्या आणि हात साबणानं दोनदा धुतले.

त्यानंतरचे दोन महिने कुसुमताईंनी नोकरी असल्यासारखे काढले. सुनेची भाजी मिरची घालण्याआधी वेगळी निघू लागली. चहा आधी कपात, मग पुन्हा पातेल्यात, मग पुन्हा कपात, अशा फेऱ्या मारून कोमट होऊन तिच्यापुढे येऊ लागला. अन्वीची अर्धी कोरी वही घेऊन त्यांनी तारखा घातल्या: काय खाल्लं, ऊन किती, झोप किती, आग किती. डॉक्टरीणबाईंनीच असं लिहायला सांगितलं होतं, ऊर्मिलाला कंटाळा होता, कुसुमताईंना मुळीच नव्हता. एका रविवारी कुठल्याशा शतावरीच्या जत्रेला सगळे गेले, ऊर्मिला हसली, फिरली, उन्हात बसली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या पानावर. कुसुमताई हिरमुसल्या. "करायला गेलो गणपती अन् झाला मारुती," असं पुटपुटल्या. ऊर्मिला म्हणाली, "आई, असंच वरखाली होणार, डॉक्टर म्हणाल्यात ना." पहिल्यांदा समजूत घालणारी सून होती आणि ऐकून घेणारी सासू.

सकाळी आणि संध्याकाळी डॉक्टरांनी दिलेलं क्रीम लावायचं असे, दर वेळी वाटाण्याएवढं. पहिल्या दिवशी कुसुमताईंनी खरोखरचा वाटाणा आणून शेजारी ठेवला. नंतर एक दिवस ऊर्मिलाच म्हणाली, "तुम्ही लावता का आज?" कुसुमताईंनी नखं कापली, हात धुतले, गार करून घेतले. पाच ठिकाणी ठिपके दिले आणि बोटाच्या पेरानं, बाळाला तीट लावावी इतक्या हलक्यानं पसरवलं. चौदा वर्षांत त्यांनी सुनेच्या चेहऱ्याला हात लावला नव्हता. "जळतंय?" त्यांनी विचारलं. ऊर्मिलाच्या ओठांवर जुनं "नाही" आलं होतं, ते त्यांना दिसलं. तिनं ते गिळलं आणि म्हणाली, "हनुवटीपाशी, थोडं." कुसुमताईंनी तिथलं बोट उचललं.

जुलैच्या सुरुवातीला त्या परत निघाल्या तेव्हा सूज उतरली होती, फोडी सुकल्या होत्या. लाली होती, नाकाजवळच्या शिरा होत्या. विमानतळावर ऊर्मिलानं मिठी मारली आणि या वेळी गालाला गाल टेकवला, अगदी हलकेच. बॅगेत जाताना मोजे रिकामे होते.

मिरजेला आल्यावर पहिलं काम म्हणजे त्यांनी पुतण्याशी भांडण केलं. हिरवी ट्यूब चिठ्ठीशिवाय द्यायची नाही. तो म्हणाला, काकू, बाजूचा देतो मग लोक तिकडे जातात. "जाऊ देत," कुसुमताई म्हणाल्या आणि फळीसमोर स्वतः उभ्या राहू लागल्या. गिऱ्हाईक बोलायला लागलं की हात मागे घेऊन संपूर्ण ऐकून घ्यायच्या. दुकानात गर्दी तुंबायची, पुतण्या कपाळाला हात लावायचा. स्वरूपा नावाची गल्लीतली मुलगी शिकायला कार्ल्सरूहेला निघाली, ती नेहमीसारखी विचारायला आली, "काकू, ऊर्मिलाकाकूंच्या ट्यूबा द्यायच्यात ना?" कुसुमताईंनी तिच्याकडे रुंद काठाची एक सुती टोपी दिली, स्वतः शिवलेली.

मग एका रविवारी दुपारी त्या दुकानातच होत्या. काउंटरपुढे चार माणसं, फोन वाजला. ऊर्मिला. ती सहसा कुसुमताईंच्या फोनची वाट बघायची, आपणहून करायची नाही.

"कसं आहे गं?" कुसुमताईंनी विचारलं. लागू पडतंय ना, असं त्यांनी आता विचारायचं सोडलं होतं.

पूर्वी रविवारच्या प्रश्नावर कुठला शब्द यायचा, ते कुसुमताईंना पाठ होतं. त्या फोन कानाशी घट्ट धरून उभ्या राहिल्या.

"आई," ऊर्मिला म्हणाली. "आज फार जळतंय हो."

कुसुमताईंचे डोळे भरले. त्यांनी गल्ल्याशेजारची वही ओढली, पेन घेतलं, आणि समोरच्या चारही माणसांना हातानं लांब, पार पायरीच्या खाली उभं राहायला सांगितलं. पुतण्या बघतच राहिला.

"सांग," त्या म्हणाल्या. "सावकाश सांग. मागे कोणी उभं नाही."